विहिरीचा काठ आणि दरड तपासायची सब्बल

खोदायची सब्बल, म्हणजे पहार, वेगळी आणि तपासायची सब्बल वेगळी. बहुतेक विहिरींवर एकाच सब्बलीनं दोन्ही कामं उरकतात आणि तपासणी तिथंच फसते. खोदायची सब्बल जड हवी, कारण तिनं दगड हलला पाहिजे. तपासायच्या सब्बलीनं दगड हलवायचा नसतो, तो हलणार आहे का एवढं सांगायचं असतं. काठावर पाय ठेवण्याआधी खालची जमीन पक्की आहे का, खाली माणूस उतरण्याआधी दरड, म्हणजे विहिरीची आतली उभी भिंत, भरीव आहे की सुटलेली, हे हाताला आणि कानाला कळलं पाहिजे. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या काळ्या पाषाणातल्या जुन्या विहिरी खोल करायचं आणि गाळ काढायचं आमचं काम आहे. त्यासाठी ही सब्बल आम्ही कशी निवडतो, लोहाराकडून कशी करून घेतो आणि कशी चालवतो, ते लिहितो आहोत.

हे काम पडतं उन्हाळ्यात, आणि विहिरीच्या काठासाठी हाच काळ सगळ्यात वाईट. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिलपर्यंत तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतभर आडव्या-उभ्या पसरलेल्या भेगांना घाबरायचं कारण नाही. काठाला समांतर, विहिरीभोवती वळत गेलेली भेग दिसली तर मात्र थांबायचं. काठाचा तेवढा तुकडा मागच्या जमिनीपासून सुटून विहिरीकडे झुकायला लागला, असा तिचा अर्थ. दुसरी अडचण उपशाची. दोन मोटरी लावून विहीर एका दमात कोरडी केली की दरडीला समोरून टेकण देणारं पाणी जातं, पण दरडीच्या पोटात मुरलेलं पाणी तिथंच राहतं आणि बाहेर रेटत राहतं. त्यामुळं पाणी थोडं उपसायचं, थांबायचं, पुन्हा उपसायचं. तळ उघडा पडला की लगेच कुणाला उतरवायचं नाही. निदान एक रात्र जाऊ द्यायची. जे सुटायला टेकलेलं असतं ते बरंचसं रात्रीतून पडून जातं. तपासणी त्यानंतर.

आता सब्बल. आधी वजन बघायचं. गोल सळईचं वजन काढायचा हिशेब सोपा आहे: व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 162 नं भागा, की एका मीटरचं वजन किलोत येतं. बाजारात खोदायला म्हणून मिळणारी 32 मि.मी. जाडीची 5 फुटी सब्बल या हिशेबानं साडेनऊ किलोच्या वर जाते. 25 मि.मी.ची तेवढीच लांब सब्बल सहा किलोला थोडी कमी भरते. 20 मि.मी.ची 6 फुटी साडेचार किलोची होते, 22 मि.मी.ची साडेपाचच्या आसपास. काठाची जमीन तपासायला आम्ही 25 मि.मी.ची 5 फुटी घेतो, कारण तिथं सब्बल स्वतःच्या वजनानं मातीत जायला हवी. दरडीसाठी 20 किंवा 22 मि.मी.ची 6 फुटी. एकच परवडत असेल तर 22 मि.मी. आणि 6 फूट. दोन्ही कामं तिच्यानं निभतात.

जड सब्बल जास्त खरं सांगेल असं वाटतं, पण दरडीवर उलटं होतं. खांद्याच्या वर हात करून नऊ-दहा किलो पेलताना अर्धी विहीर ठोकून होईपर्यंत दंड भरून येतात. हात थकला की ठोका हलका पडतो आणि हलक्या ठोक्याला सुटलेला दगडही भरीव वाटतो. पहिला ठोका आणि शंभरावा ठोका सारख्या जोराचा पडला तरच दोन जागांची तुलना करता येते. अगदी हलकीही नको. 16 मि.मी.ची 6 फुटी सळई तीन किलोसुद्धा भरत नाही. ती मारताना लवते, मारल्यावर हातात थरथरत राहते आणि तिच्याच गुणगुणण्यात दगडाचा आवाज बुडतो.

गोल, षटकोनी, अष्टकोनी असे प्रकार मिळतात. घामाच्या किंवा ओल्या हातात गोल सब्बल फिरते आणि पात्याचं तोंड कुठं आहे ते न बघता कळत नाही. षटकोनी हातात फिरत नाही. मात्र तेवढ्याच मापाची षटकोनी गोलापेक्षा साधारण दहा टक्के जड असते, तेव्हा घेताना एक माप खालचं घ्या. पोकळ पाइपला टोक जोडून केलेली सब्बल या कामाला अजिबात घेऊ नका, तिला सगळेच दगड पोकळ वाटतात. मधे वेल्डिंगचा जोड असलेली सब्बलही नको. जोडात बारीक चीर असली तरी ठोक्याला फुटका आवाज येतो, आणि उचकटताना तुटते ती नेमकी तिथंच.

लोखंड कोणतं, यावर सगळ्यात जास्त फसवणूक होते. घर बांधताना उरलेल्या सळाकीला टोक काढून सब्बल करायची रीत गावोगाव आहे. हल्लीच्या टीएमटी सळाकीत वरची साल कडक आणि गाभा मऊ असतो. भट्टीत लाल केली की त्या सालीचा कडकपणा जातो, आणि कार्बन कमी असल्यानं नंतर पाण्यात बुडवली तरी तो हवा तसा परत येत नाही. जाणता लोहार हातात घेऊनच सांगतो, "हे सळाक हाये भाऊ, याले पाणी चढत नायी." पाणी चढणं म्हणजे तापवून विझवल्यावर लोखंड कडक होणं. अशी सब्बल चार दगडांवर मारली की टोक वळतं, शिवाय सळाकीवरचे आडवे कंगोरे तळहात सोलतात. पाणी चढायला कार्बन साधारण 0.4 टक्क्याच्या आसपास तरी हवा. ट्रॅक्टरचा किंवा ट्रकचा जुना एक्सल यासाठी चांगला, फक्त तो जाड असतो आणि ठोकून लांबवायला मजुरी पडते. इंजिनिअरिंगच्या दुकानात ईएन-8 नावानं मिळणारा गोल बार घेतला तर काम सोपं होतं. गाडीच्या कमानपाट्याच्या लोखंडात कार्बन याहून जास्त असतो. ते पाण्यात विझवलं तर तडकू शकतं, त्याला तेलातच विझवायला सांगा.

ओळखायचं कसं? ग्राइंडर लावून ठिणग्या बघायच्या. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, फारशा न फुटणाऱ्या निघतात. कार्बन असलेल्या पोलादाची ठिणगी पुढं जाऊन फांद्यांसारखी फुटते, आणि कार्बन जितका जास्त तितकी ती जवळच आणि दाट फुटते. शंका असेल तर ओळखीच्या कानशीचा तुकडा आणि सळाकीचा तुकडा शेजारी धरून दोन्हींच्या ठिणग्या बघा, तिसरा तुकडा कुठं बसतो ते लगेच कळतं. सावलीत बघायचं, उन्हात काही दिसत नाही. डोळ्यावर चष्मा हवाच.

लोहाराला दोन टोकं दोन तऱ्हेची करायला सांगायची. एका टोकाला चपटं पातं, दीड इंच रुंद. दोन इंचांच्या वर नको, ते फटीत शिरत नाही. अणकुचीदार टोक टाळायचं. ते मुरमात सहज घुसतं, म्हणून घट्ट मुरूमही भुसभुशीत वाटतो, आणि फटीत अडकलं की काढताना झटका बसतो. झटका काठावर बसला तर माणूस तोलातून जातो. दुसरं टोक बोथट, कडा मारून गोलसर केलेलं. दरडीचा आवाज या बोथट डोक्यानंच घ्यायचा. धारेनं ठोकलं की दगडाची पापडी चुरते आणि आवाज दबतो. धार उचकटायला, डोकं ऐकायला.

पाणी फक्त टोकाला द्यायचं, दोन-अडीच इंच, मधला दांडा चिवटच राहिला पाहिजे. टोक लालभडक तापवून त्याला चुंबक लावून बघायचा. साधारण 770 अंशाला लोखंड चुंबकाला चिकटायचं सोडतं. त्याच्या किंचित पुढं तापवलं की पाण्यात उभं बुडवायचं आणि वर-खाली हलवत राहायचं. एका जागी स्थिर धरलं तर पाण्याच्या रेषेवर चीर जाते आणि पुढं कधीतरी तिथून टोक तुटतं. मग बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं घासून चकचकीत करायचं. मागच्या भागातली धग टोकाकडे सरकते तसे रंग येतात: आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळा संपून निळा टोकाला पोचतो तेव्हा पूर्ण विझवायचं. पिवळ्यावरच विझवलं तर टोक काचेसारखं ठिसूळ राहतं आणि दगडावर कपची उडते. अशी कपची डोळा घेते. पाणी नीट बसलं का हे कानशीनं बघायचं: कानस जेमतेम धरली पाहिजे. सपशेल घसरली तर फार कडक, साध्या लोखंडासारखी खात सुटली तर पाणी चढलंच नाही.

दोर बांधायला मधोमध भोक पाडून घेऊ नका, दांडा तिथंच कमजोर होतो. बोथट डोक्यापासून वीतभर खाली लोहाराकडून मान काढून घ्यायची, म्हणजे तेवढ्या जागी दांडा किंचित बारीक. तिथं दोर घट्ट बसतो, घसरत नाही. दोराचं दुसरं टोक मनगटाला कधीही बांधायचं नाही. सहा किलोची सब्बल हातातून निसटली तर मनगटासकट माणसाला काठाकडे ओढते. ते टोक काठापासून मागं, बाभळीला किंवा ठोकलेल्या खुंटीला. 40 फूट खाली पडलेली सब्बल तळाला पोचताना ताशी 55 किलोमीटरच्या वेगात असते, तिच्यापुढं हेल्मेट टिकत नाही. त्यामुळं वर तपासणी चालू असताना खाली कुणीही नको, आणि सब्बल हातात घेऊन शिडी उतरायची नाही, ती वेगळी दोरानं सोडायची.

काठाची तपासणी काठावर सुरू होत नाही, दहा-पंधरा पावलं मागं सुरू होते. तिथली जमीन पक्की आहे हे माहीत असतं. तिथं सब्बल पातं खाली करून, गुडघ्याएवढी उचलून, जोर न लावता सोडायची. किती रुतली ते बोटांनी मोजायचं. तीन-चार जागी असं केलं की त्या शेताचं माप हातात येतं. मग तीच उंची, तीच सब्बल घेऊन एकेक पाऊल काठाकडे. जिथं दोन बोटं रुतत होती तिथं वीतभर रुतायला लागली, किंवा खाली जाताना मधेच एकदम मोकळी सुटली, तर पुढं पाय टाकायचा नाही. मोकळी सुटणं जास्त वाईट. वरचा थर जागेवर आणि खालचा ढासळून गेलेला, असा पोकळ काठ वरून बघून कळत नाही. भेगेत सब्बल घालून खोली घ्यायची. पूर्ण दांडा आत गेला तर त्या भेगेच्या विहिरीकडची सगळी जमीन गेली असंच धरायचं आणि गाळ वर ओढायच्या क्रेनचे पाय भेगेच्या बरेच मागं न्यायचे. जुन्या मलब्याचा ढीग काठाला लागून असेल तर आधी तो हलवायचा. ढीग काठापासून निदान दीड मीटर, आणि विहिरीच्या निम्म्या खोलीइतका लांब नेता आला तर तेवढा. तपासणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि दोर या पहिल्या पावलापासूनच हवा.

दरड नेहमी वरून खाली तपासायची. ज्या भागाखाली उभं राहायचं तो आधी ठोकून झालेला असला पाहिजे. दगडी पायऱ्या असतील तर त्यांवरून, नसतील तर वर बांधलेल्या शिडीवरून. क्रेनच्या बकेटीत उभं राहून ठोकू नये. दगडाला रेटा दिला की बकेट मागं झुलते आणि परत येताना माणूस दरडीवर आपटतो. सब्बल अंगाच्या बाजूनं धरायची, पोटासमोर नाही. मोठा दगड सुटून दांड्यावरून घसरला तर तो पोटात जाण्याऐवजी बाजूनं जातो. डोक्याच्या सरळ वर कधीच मारायचं नाही. तिरपं, आपल्यापासून लांब.

साधारण हातभर अंतरानं ठोकत जायचं. भरीव कातळ खणकन वाजतो आणि सब्बल हाताला उलटी मारते. सुटलेल्या दगडावर ढब असा आवाज येतो आणि सब्बल तिथंच बसते, परत उसळत नाही. आवाजात खात्री वाटत नसेल तर एका हाताचा पंजा दगडावर टेकवायचा आणि दुसऱ्या हातानं थोड्या अंतरावर हलका ठोका द्यायचा. सुटलेली कपार बोटांखाली थरथरते, जिवंत कातळ थरथरत नाही. संशयाच्या जागेवर चुन्याची फुली, आणि ती जागा त्याच दिवशी पाडायची. फुली मारून खाली काम सुरू ठेवणं फार ठिकाणी पाहायला मिळतं. आमचं ठाम मत असं की पाडता येत नसेल तर त्या बाजूखाली त्या दिवशी काम नाही.

आवाजावर विसंबून चालत नाही अशा जागा ओळखता आल्या पाहिजेत, आणि आपल्याकडे त्या पुष्कळ आहेत. काळा पाषाण कुजताना त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मुरमात गोल गोटे उरतात. असा गोटा ठोकला तर खणखणीत वाजतो, कारण तो स्वतः भरीव असतो. पण त्याला धरून ठेवणारा मुरूम सैल असतो. गोटा दिसला की गोट्यावर नाही, त्याच्या भोवतालच्या रेषेवर पातं लावून बघायचं. दोन पाषाणांच्या मधला गेरूचा लाल थर असाच फसवा. कोरडा असताना घट्ट, ओल लागली की फुगून ओघळतो आणि वरचा पाषाण अधांतरी राहतो. त्याच्यावरचा कातळ कितीही चांगला वाजो, खाली लाल थर पोखरलेला असेल तर तो कातळ सुटलेलाच धरायचा. ओली दरड सगळंच बसकं वाजवते. आणि चार-पाच फूट जाडीचा दगडाचा पाट मागून सुटला असला तरी ठोक्याला भरीवच वाटतो, तो सब्बलीच्या आवाक्याबाहेरचा आहे. तिथं डोळे वापरायचे: चिरेतून ताजी माती गळते आहे का, नवा पांढरट भुगा दिसतो का, काल कोरडी असलेली फट आज ओली आहे का.

मुलूख बदलला की आवाज बदलतो. भंडारा-गोंदियाकडचा दगड वेगळा, वणी-चंद्रपूरकडे वालुकाश्म आणि चुनखडक लागतो, त्यांचा भरीव आवाजच काळ्या पाषाणापेक्षा बसका असतो. नव्या गावात आधी तिथल्या उघड्या, न हललेल्या खडकावर ठोकून कान लावून घ्या. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात खोलवर गाळाची मातीच आहे, तिथं दरड ठोकण्यात अर्थ नाही. फक्त रुतवून बघायची पद्धत चालते, आणि रिंगा किंवा बांधकामाशिवाय खाली माणूस उतरवू नये.

सुरुंग झालेल्या विहिरीत एक नियम मोडायचा नाही. दगडात भोक दिसलं तर त्यात सब्बल घालायची नाही, ठोकायची नाही, उकरायची नाही. न उडालेला सुरुंगाचा बार आत असू शकतो, आणि ज्या परवानाधारकानं तो भरला त्यालाच बोलवायचं. हवेची तपासणी सब्बल करत नाही. उतरण्याआधी कंदील तळापर्यंत सोडतात; विझला तर उतरायचं नाहीच. पण तो जळत राहिला म्हणून हवा चांगली ठरत नाही. डिझेल पंपाच्या धुरातल्या विषारी वायूत कंदील खुशाल जळतो आणि माणूस पडतो. पंप विहिरीत किंवा काठावर चालवला असेल तर पंख्यानं हवा खेळवल्याशिवाय खाली जाऊ नका. आणि खाली कुणी बेशुद्ध पडला तर दोराशिवाय मागून दुसऱ्यानं उडी घेऊ नका, असे प्रसंग एकाच घरातल्या दोघा-तिघांचे जीव घेतात.

सब्बलीची निगा फार नाही. बोथट डोकं घनाखाली फुलू द्यायचं नाही. कडेला पाकळ्या सुटायला लागल्या की ग्राइंडरनं उतरवायच्या, त्याच पाकळ्या उडून लागतात. म्हणून तर तपासायच्या सब्बलीवर घन मारूच नये. धार लावताना दर थोड्या वेळानं टोक पाण्यात बुडवायचं. घासताना ते निळ्याच्याही पुढं जाऊन राखाडी पडलं तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, तो भाग काढून टाकावा लागतो. दोन-तीन हंगामांनी पाणी दिलेला भाग झिजून संपतो आणि लोहाराकडे नवं टोक काढावं लागतं. तेव्हा लांबी इंच-दोन इंच कमी होते आणि सब्बलीचा नादही बदलतो, म्हणून पुढच्या विहिरीवर नेण्याआधी ती ओळखीच्या कातळावर पुन्हा ठोकून घ्यावी लागते.